जोगदंडबाईंच्या अंबाड्यातल्या सुया

जोगदंडबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. धारूरच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि स्टाफरूममध्ये कुठली खुर्ची कुणाची, याचा अंदाज घेत उभी होते. तेवढ्यात कोपऱ्यातून एक उंच, सावळ्या बाई उठल्या. त्यांनी माझा डावा हात हक्कानं ओढून घेतला, बोटाला पांढऱ्या सुताचा एक वेढा दिला आणि म्हणाल्या, "धर. जसं धरावं वाटंल तसं धर." मी धरलं. त्यांनी दुसरं टोक हळूच ओढलं, तर सूत सुळकन निसटून गेलं.

"हात लई सैल हाय," बाईंनी सगळ्या स्टाफरूमला जाहीर केलं. "हिला बांबूची सुई लागणार. स्टीलची दिली तर ही मासे धरायचं जाळं विणंल."

मी आयुष्यात क्रोशाची सुई हातात धरली नव्हती आणि धरायचा विचारही नव्हता. बाईंच्या लेखी हा मुद्दा अगदीच किरकोळ होता.

त्या शिवणकाम शिकवायच्या. शाळेत या विषयाला कुणी विचारत नाही. वेळापत्रकात तो शेवटच्या तासाला ढकलतात आणि गणिताचा पोर्शन राहिला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. पण बाईंच्या तासाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शिक्षकांना त्या विषयाच्या नावानंच हाक मारायच्या. मी 'भूगोल', जाधवसर 'गणित', आणि नव्यानं आलेल्या संगणकाच्या मॅडमला त्या 'ए बटण' म्हणत. आपल्याला कुणी 'ए शिवण' म्हटलं तर त्यांना चाललं असतं की नाही, हे तपासायला कुणी धजावलं नाही.

त्यांचा अंबाडा हा एक स्वतंत्र विषय होता. इतर बायका अंबाड्यात फूल खोचतात, बाई सुया खोचायच्या. बारीक स्टीलची, जाड स्टीलची, बांबूची, सागवानाची, एक प्लॅस्टिकची आणि एक छत्रीच्या काडीला कानसून स्वतः केलेली. समोरून बाई भारदस्त दिसायच्या, पाठमोऱ्या झाल्या की साळिंदर. वर्गात बोलता बोलता हात मागं जायचा आणि न बघता नेमकी हवी ती सुई बाहेर यायची.

इतक्या सुया कशाला, असं विचारणाऱ्याला त्या खाली बसवून घ्यायच्या. मग ऐकावंच लागायचं. रेशमी दोरा किंवा झुळझुळीत लोकर असेल तर ती आधीच निसरडी, तिला स्टीलची सुई दिली की टाके घसरून पळतात. तिथं लाकूड नाहीतर बांबू पाहिजे, तो दोऱ्याला जरा धरून ठेवतो. सूत किंवा केसाळ लोकर अडखळत चालते, तिला गुळगुळीत स्टील बरं. बारीक दोऱ्याला सुईही बारीक लागते, आणि इतका बारीक बांबू मोडतो, म्हणून तिथं पुन्हा स्टीलच. "पण ह्ये समदं नंतर," त्या बोट वर करून म्हणायच्या. "आधी हात. मंग दोरा. मंग सुई. हात बदलत न्हाई गं, सुई बदलायची असती."

शाळेतल्या मुली तोवर मोबाइलवर बघून विणायला लागल्या होत्या. एकदा एक मुलगी कुरकुरली, "पण बाई, व्हिडिओत तर चार नंबरची सुई सांगितलीय."

"त्या व्हिडिओवालीचा हात तुला चिटकवलाय का?" बाईंनी विचारलं. मुलगी आपल्या हाताकडे बघायला लागली आणि वर्गात हशा पिकला.

बाईंना जिंकायला फार आवडायचं. नम्रपणा वगैरे गुण त्या दुसऱ्यांसाठी राखून ठेवत. बाजारपेठेतल्या शेटजींशी त्यांचं झालेलं भांडण मी डोळ्यांनी बघितलंय. शेटजींनी एका बाळंतिणीच्या आईला ॲल्युमिनियमची सुई आणि पांढरं सूत विकलं होतं. तिनं हौसेनं बाळासाठी टोपडं विणलं आणि ते कडेपर्यंत येईस्तोवर करडं पडलं. ॲल्युमिनियमच्या सुईवरचा मुलामा उडाला की ती पांढऱ्या दोऱ्याला काळं लावते. बाई त्या म्हाताऱ्या आजीला, तिच्या सुईला आणि टोपड्याला घेऊन दुकानात गेल्या. सोबत साक्षीदार म्हणून मी.

"सुईनं काय होतंय बाई?" शेटजी म्हणाले. "म्हातारीचे हात मळके असतील."

बाईंनी गल्ल्यावरून वाकून शेटजींच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची बाही धरली आणि त्याच सुईनं तिच्यावर खसाखसा घासलं. चांगला काळा पट्टा उमटला. "आता तुमचेबी हात मळके का?"

दुकानातली गिऱ्हाइकं पदर तोंडाला लावून हसायला लागली. शेटजींनी आजीला सूत बदलून दिलं, वर स्टीलची सुई दिली, आणि पुढं कितीतरी वर्षं दुकानात नव्या सुया आल्या की ते आधी बाईंना दाखवून घ्यायचे. बाई बाजारातून परत आल्या त्या अशा, की जणू किल्ला सर करून आल्या आहेत.

मीटिंगमध्येही त्या विणत बसायच्या. एका मीटिंगमध्ये हेडसर शिस्तीवर बोलत होते आणि टेबलाखालून कुचकुच, कुचकुच असा आवाज येत होता. हेडसर थांबले. "बाई, हा आवाज कसला?"

"माफ करा सर, चूक झाली," बाई उभ्या राहिल्या. हेडसरांचा चेहरा खुलला. "प्लॅस्टिकची सुई ह्या लोकरीला चालत न्हाई, कुचकुचती. तुमचं भाषण लांबणार हाय ह्ये आधी कळलं असतं तर बांबूचीच आणली असती." असं म्हणून त्यांनी अंबाड्यातून दुसरी सुई ओढली आणि खाली बसल्या. मीटिंग पुढं चालू झाली, आवाज बंद झाला.

आणखी एक वस्तू त्यांच्याशी जोडलेली होती, ती म्हणजे पळी. लांब, गोल, भरीव दांड्याची स्टीलची जाडजूड पळी. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाच्या घरचं कार्य असो की त्यांच्या वस्तीतल्या विहारातला कार्यक्रम असो, वाढायला बाई आणि हातात तीच पळी. लहानपणी कुठल्याशा पंगतीत त्यांना बाजूला बसवून उरलेलं वाढलं होतं. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि तीही विणताना, मान वर न करता. "तवाच ठरिवलं, आपल्या हातानं वाढायचं आन् समद्यांना एकच पळी. कलेक्टर आला तरी एक पळी." मी त्यांच्या पंगतीला जेवलेय. खरोखर एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर विहाराच्या छताची गोष्ट झाली. बाईंना आठवायचं म्हटलं की मला तीच आठवते.

वस्तीतल्या विहारात बुद्धमूर्तीच्या वर कापडी छत होतं. ते जुनं होऊन विरलं होतं. बुद्धपौर्णिमेला नवं छत लावायचं ठरलं तेव्हा बाईंनी सुचवलं की बाजारातलं आणायचं नाही, आपण विणायचं. घराघरातल्या बाईनं क्रोशाचा एक चौकोन विणायचा, मधोमध धम्मचक्र, आणि सगळे चौकोन जोडून एक छत करायचं. विहाराच्या कमिटीचे सचिव भास्करराव, बँकेत नोकरीला, माणूस सरळ आणि घाबरट. ते म्हणाले, "बाई, ह्यात लई येळ जाईल. बीडला साटीनचं तयार भेटतंय, झालरीसकट."

बाई भर बैठकीत उभ्या राहिल्या. "वस्तीतली एकबी बाई सुटणार न्हाई. आन् एकीचाबी चौकोन मागं राहिला, तर मी त्या छताखाली पाय ठिवणार न्हाई."

बोलून बसल्या. आता शब्द गेला होता.

ऊसतोडीला गेलेली माणसं तेव्हा नुकतीच परत येत होती. त्यातली एक मंगल. वस्तीच्या टोकाला तिचं घर. दिवाळीच्या सुमाराला ती नवऱ्याबरोबर कारखान्याकडे जायची ती उन्हाळा तापल्यावरच परतायची. बाईंनी तिला सूत दिलं तेव्हा ते तिनं दोन्ही हातांत धरलं. "बाई, दरसाली विहाराचं समदं काम आमी नसतानाच होतंय," ती म्हणाली. "आमी येतो तवा नुस्तं पाया पडायला. ह्या टायमाला माजंबी कायतरी वर लागंल." वर म्हणताना तिनं छताकडे बघितलं. ते बघणं माझ्या अजून लक्षात आहे.

चूक इथंच झाली, आणि ती बाईंनीच केली. जन्मभर ज्यांनी आधी हात, मग दोरा, मग सुई असं घोकून घेतलं, त्या बाईंनी शेटजींकडून सगळ्या बायकांसाठी एकाच मापाच्या, एकाच स्टीलच्या सुया आणल्या. मी म्हटलंसुद्धा, "बाई, सगळ्यांना सारख्याच?"

"सारख्याच," त्या ताडकन म्हणाल्या. "समतेचं काम हाय ह्ये, भूगोल. कुणाला भारी आन् कुणाला हलकी, असलं हितं चालायचं न्हाई." एक सुई त्यांनी माझ्याही हातात कोंबली. मी वस्तीतली नव्हते, पण बाईंच्या तावडीतली होते.

आठवडाभरानं सगळ्या जणी आपापले चौकोन घेऊन विहारात जमल्या. खाली शहाबादी फरशी होती. टाके सगळ्यांना सारखेच मोजून दिले होते, एका फरशीवर एक चौकोन बसेल असे. बायकांनी फरशांवर आपापले चौकोन मांडले. एकीचा फरशीच्या बाहेर ओसंडत होता, दुसरीचा चारी बाजूंनी फरशी उघडी टाकत होता. एकीचा इतका वाकडा की चक्र गाडीचं वाटावं, तेही अपघातातल्या. माझा तर शेजारच्या फरशीवर जाऊन बसला होता. आणि मंगलचा! मंगलचा चौकोन तळहाताएवढा, आणि भाजलेल्या पापडासारखा कडक. उचलला तर तसाच ताठ उभा राहायचा.

भास्करराव दारातून बघत होते. "बाई, पौर्णिमा तोंडावर आलीय. मी बीडला फोन लावू का?" ते हळूच म्हणाले.

कुणी उत्तर द्यायच्या आत मंगलनं आपला चौकोन उचलला आणि पदराखाली घेतला. "माजा नगा जोडू, बाई," ती म्हणाली. "समद्यांचा इचका व्हायला नगं. माज्या हाताला कोयताच जमतोय." आणि ती चपला शोधायला लागली.

बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचा पडलेला चेहरा मी पहिल्यांदा बघितला आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. मग त्यांची नजर मंगलच्या हातावर गेली. त्या उठल्या, दारात तिला गाठलं आणि तिच्या बोटाला सुताचा वेढा दिला. "धर."

मंगलनं धरलं. बाईंनी ओढलं. सूत हललं नाही. पुन्हा ओढलं. सूत तुटलं.

"मंगल, ऊस तोडल्यावर मोळी कोण बांधतं?"

"मीच की. ह्यो तोडतो, मी बांधते."

"सैल बांधली तर?"

"गाडीत चढवताना सुटती. मंग मुकादम वरडतो, समदा ऊस खाली."

बाई मोठ्यानं हसल्या. इतक्या मोठ्यानं की विहाराबाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. "आगं बायांनो, ही टाका न्हाई घालत, ही मोळी बांधती! हात शहाणा हाय हिचा. यडी मी. चाळीस बायांना एकच सुई वाटली आन् त्याला समता म्हणले. पंगतीत पळी एक पायजे, पण विणताना सुई जिची तिची पायजे. तवा कुटं चौकोन सारखा येतो. समद्यांना एकच शिस्त लावून मीच हेडसर झालते की गं!"

त्यांनी अंबाड्याला हात घातला. सगळ्या बायकांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकीच्या बोटाला सूत लावून हात तपासायला सुरुवात केली. माझ्यासारख्या सैल हातांना बांबूची, तीही जरा बारीक. घट्ट हातांना गुळगुळीत आणि जाड स्टीलची. भास्कररावांच्या बायकोच्या तळव्यांना घाम यायचा, स्टीलची सुई तिच्या चिमटीतून फिरायची, तिला सागवानाची. अंबाड्यातली एकेक सुई जात गेली तसा अंबाडा सैल होत गेला. बाकीच्या सुया शेटजींनी कपाट उघडून दिल्या. चौकोन उसवले, सूत पुन्हा गुंडाळलं आणि बायका नव्यानं विणायला बसल्या.

पण मंगलच्या हाताची सुई कुठंच मिळेना. तिला पाहिजे होती भरपूर जाड आणि काचेसारखी गुळगुळीत. जाड लाकडी होती, पण लाकडावर तिचे टाके रुतून बसायचे, हलायचे नाहीत. जाड ॲल्युमिनियमची शेटजींकडे होती, पण पांढऱ्या सुताला ती काळं लावणार. इतकी जाड स्टीलची सुई कुणी विकतच नाही. बाई दोन दिवस धारूरभर हिंडल्या. सायकलवाल्याकडच्या तारा बारीक निघाल्या, भंगारवाल्याकडच्या सळया गंजलेल्या निघाल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तर बाई स्वयंपाकघरात ती पळी घेऊन बसल्या होत्या. दांड्याभोवती सूत गुंडाळून बघत होत्या. माझ्या लक्षात आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, ती नको."

"कावून नको?" त्या म्हणाल्या. मग पळीच्या दांड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "हिनं लई जणांना वाढलंय. आता एकीला वाढू दे."

वेल्डिंगवाल्यानं पळीचा दांडा कापला, टोक कानसून त्याला आकडा केला. तो खरबरीत होता, सूत अडकायचं. मग पॉलिश पेपर घेऊन आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि घासत राहिलो. माझे हात दुखून आले. बाई दर थोड्या वेळानं सुई गालावरून फिरवून बघत आणि म्हणत, "अजून न्हाई." शेवटी एकदा म्हणाल्या, "आता चालंल."

मंगल ती सुई घेऊन विहारात बसली. बाईंनी तिला एकच गोष्ट बजावली, हाताला काही सांगायचं नाही, मोळी बांधतेस तसंच विणायचं. मंगलनं साखळी घातली, तशीच करकचून. पण टाका पडायचा तो जाड दांड्यावर, मोकळा, गोल, आणि तिनं ओढला की सुळकन पुढं सरकायचा. चक्राचे आरे एकामागून एक उभे राहायला लागले. बायका आपली कामं टाकून तिच्याभोवती गोळा झाल्या. शेवटचा टाका घालून तिनं सूत तोडलं, चौकोन फरशीवर ठेवला आणि हातानं सारखा केला.

काठाला काठ. फरशीची एक रेघ दिसेना की चौकोनाचा एक टाका बाहेर जाईना.

मंगल बघतच राहिली. तिनं चौकोन फिरवून पुन्हा ठेवला, तरी बसला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली, आणि तिला बघून निम्म्या बायका रडायला लागल्या. बाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भास्करराव, बीडला फोन लावा. त्यान्ला म्हणावं, छत बघायला या."

पौर्णिमेच्या सकाळी छत लागलं. चारी कोपरे चार कड्यांना असे बसले की जणू खोलीनंच माप दिलं होतं. बाईंनी भास्कररावांना खाली उभं केलं आणि फर्मावलं, "आता मंगलचा चौकोन दाखवा." भास्करराव चष्मा पुसून पुसून बघत राहिले. त्यांना तो सापडला नाही. त्यांनी भूगोलवाल्या मॅडमचा तरी सापडतो का म्हणून बघितलं, तोही सापडला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. वंदना झाली, आणि बाई त्या छताखाली सगळ्यांच्या पुढं, ताठ मानेनं बसल्या.

बाई पुढं लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याच दुपारच्या. विहारात खिरीची पंगत बसली होती. बाई वाढत होत्या. अंबाड्यात एकही सुई नव्हती, केस सुटून खांद्यावर आले होते. एका हातात खिरीची बादली आणि दुसऱ्या हातात साधी घरची वाटी. प्रत्येकाला तीच एक वाटी, काठोकाठ. बोटं खिरीत बुडत होती, हात मनगटापर्यंत चिकट झाला होता. भास्कररावांना वाढताना थोडी खीर त्यांच्या बाहीवर सांडली.

"बाई, ती मोठी पळी कुटं गेली तुमची?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या ओळीत मंगल जेवत होती. तिचा घास हातातच राहिला.

"हाय की," बाई म्हणाल्या, आणि खिरीनं माखलेली वाटी त्यांनी छताकडे केली. "वर बघा."

सगळी पंगत वर बघायला लागली.